फोडणीआधीचा घास

दुपारची जेवणं उरकली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी बेदाणा निवडत असेल, आणि शेजारी रेडिओ चालू असेल. मी तुमच्यातलीच एक, बचत गटांची समन्वयक. एरवी मी इथं हप्ते, व्याज आणि बँकेच्या कर्जाबद्दल बोलते. आजचा विषय वेगळा आहे. आपल्या ताटातलं आपण कुत्र्याला घालतो, त्यातलं काय घालावं आणि काय घालू नये, हे सांगायचंय. हे मी पुस्तकातून नाही शिकले. घरातलं कुत्रं गमावून शिकले.

आमचा भाग बेदाण्याचा. तासगाव तालुक्यात फेब्रुवारी-मार्च आला की शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं वाळायला पडतात, आणि मग गावातल्या निम्म्या बाया बेदाणा निवडायच्या कामाला जातात. आमच्या घरीही हलक्या प्रतीचा बेदाणा पोत्यात असायचाच. आणि घरात होता मोत्या. साधं गावठी कुत्रं, तांबूस रंगाचं, एक कान पडलेला. माझे मालक रात्री शेडवर राखणीला असायचे, तेव्हा घर, शेळ्या आणि आम्ही दोघी सासवा-सुना, सगळ्यांची राखण मोत्याकडं.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा मोत्यावर फार जीव. सकाळी चहाला बसल्या की चार-पाच बेदाणे हातावर घ्यायच्या, दोन आपल्या तोंडात, बाकीचे मोत्याला. दोन हंगाम असंच चाललं. त्याला काही झालं नाही. मीही बघत होते, मलाही वाटायचं, सुकामेवाच आहे, ताकद येईल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक पिशवी फाटली आणि बेदाणा अंगणात सांडला. मातीत पडलेला कोण घेणार? आत्यांनी दोन मुठी गोळा केल्या, धुतल्या आणि मोत्याच्या ताटलीत घातल्या. त्यानं चाटूनपुसून खाल्ल्या. रात्री त्याला उलट्या झाल्या, त्यात फुगलेले बेदाणे दिसले. आम्ही म्हटलं, पोट साफ झालं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी भाकरीकडं बघेना. आम्ही म्हटलं, उन्हाचं असेल. तिसऱ्या दिवशी तो उठेना, आणि दिवसभरात एकदाही लघवीला गेला नाही. तेव्हा कुठं आम्ही त्याला पिकअपमध्ये घालून डॉक्टरांकडं नेला.

डॉक्टरांनी तपासलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, काय खाल्लं होतं? मी सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बेदाण्यानं किडनी गेलीय. त्याच दिवशी आणला असता तर आशा होती." चार दिवस सलाईन लावलं. पैसे हातात नव्हते, म्हणून मी माझ्याच गटातून ३,००० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. रजिस्टरमध्ये कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं, कुत्र्याचं औषधपाणी. बैठकीत एक जण म्हणाली, "आज कुत्र्याला, उद्या मांजराला मागाल." दुसरी वयानं मोठी बाई म्हणाली, "हिच्या शेळ्या रात्रीच्या कोण राखतंय, तू?" कर्ज मंजूर झालं. मोत्या मात्र राहिला नाही. बांधावरच्या लिंबाखाली त्याला पुरला. पुढं सहा महिने मी त्याचा हप्ता भरत होते.

आत्यांना मी सांगितलं, कावीळ झाली होती. खरं सांगायचं धाडस झालं नाही. ज्या हातानं त्यांनी त्याला वाढवला त्याच हातानं हे झालं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? वर्षभर ते माझ्याजवळच ठेवलं.

यंदा दिवाळीनंतर शेजारच्या मळ्यातनं पिलू आणलं. एक दिवस सकाळी आत्यांनी सवयीनं त्याच्यापुढं बेदाणा धरला आणि मी ओरडले, "आत्या, नको!" मग सगळं सांगावंच लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून मला म्हणाल्या, "मला कुनी सांगितलंच न्हाई, तर मला कसं कळावं? आनि तू वर्सभर ह्ये एकटीच घिऊन बसलीस व्हय?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू रेडिओवर बोलतीस न्हवं? मग सांग की समद्यास्नी. माझं नाव नगं घिऊस. सासू म्हन."

म्हणून आज मी हे सांगतेय, आत्यांच्या परवानगीनं.

मैत्रिणींनो, आत्यांना माहीत नव्हतं यात त्यांचा दोष नाही. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत हे जनावरांच्या डॉक्टरांच्याही लक्षात अलीकडंच आलं. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेच्या नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांनी २००१ साली त्याबद्दल लिहिलं. नेमकं कारण तेव्हा कळलं नव्हतं. २०२१ साली तिथल्याच डॉक्टरांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंच आणि चिंचेची आमटीही कुत्र्यापासून लांबच ठेवा. हे आम्ल सगळ्या द्राक्षांत सारखं नसतं, आणि सगळ्या कुत्र्यांना ते सारखं बाधतही नाही. म्हणून तर कुणी म्हणतं, "आमचं कुत्रं बागेतली द्राक्षं खातंय, काय होत नाही." आमचंही दोन हंगाम काही झालं नव्हतं. किती खाल्लं तर चालतं, असा आकडा यात नाही. म्हणून एकही दाणा नको. मनुका घातलेला शिरा, केक, लाडू, तेही नको.

आता बाकीचं सांगते. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिला कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, मसाल्यात वाटलेला, कसाही असो. यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एक दिवस खाल्लं आणि लगेच पडलं असं होत नाही. रोज थोडं थोडं पोटात जातं, आणि कधी तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते, कुत्रं धापा टाकतं. लसूण तर कांद्याहून जहाल. आपल्याकडं मटणाचं अळणी पाणी करतानाच त्यात कांदा, आलं, लसूण पडतो. तेव्हा तिखट नाही म्हणजे कुत्र्याला चालतं, असं समजू नका.

दुसरी हाडं. जत्रा झाली, पाहुणे जेवून गेले, की परातभर हाडं आपण कुत्र्यापुढं टाकतो. शिजलेलं हाड ठिसूळ होतं. कोंबडीच्या हाडाची तर सुईसारखी टोकं निघतात आणि घशात, आतड्यात रुततात. दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस आणि आंब्याची कोय हेही तसंच. गिळलं की आतड्यात अडकतं, आणि मग ऑपरेशनशिवाय निघत नाही.

तिसरं, बकरं कापल्यावर कच्चं काळीज आणि फोपसं कुत्र्याला टाकायची सवय. ही आपल्याच जिवावर येते. त्या मांसात एका पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या की जंत होतात, जंतांची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीत आणि आपल्या लेकरांच्या हातावर येतात. त्यातनं माणसाच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. म्हणून कच्चे अवयव कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. डॉक्टरांना विचारून कुत्र्याला जंताचं औषध वेळेवर द्या, आणि त्याला हात लावल्यावर हात धुवा.

चौथं, चॉकलेट, चहा आणि कॉफी. पोरांच्या वाढदिवसाचा चॉकलेट केक कुत्र्याला देऊ नका. त्यातलं द्रव्य आपण पचवतो, कुत्र्याच्या अंगात ते फार वेळ राहतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. बिनसाखरेचं म्हणून जे च्युइंगम मिळतं त्यात झायलिटॉल असेल, तर कुत्र्याची साखर एकदम खाली येते. तसंच दिवाळीचं तळकट, मटणाची चरबी, लोणचं, पापड. तेलानं-चरबीनं स्वादुपिंड सुजतं, मीठही सोसत नाही. आणि एक, आपली अंगदुखीची, तापाची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आपली अर्धी गोळीही त्याला मारू शकते.

आता तुम्ही म्हणाल, मग घालायचं तरी काय? तयार खाद्याची पिशवी परवडत असेल तर चांगलंच. पण आपल्यातल्या कितीजणींना परवडते? भाकरी मुळीच घालू नका असं मी सांगणार नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवायची ताकद कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाली. माणसाच्या संगतीत राहून, माणसाचं उरलंसुरलं खाऊन कुत्रं तसं घडलं असावं. म्हणजे भाकरी त्याला पचते. पण नुसत्या भाकरीवर त्याचं अंग धरत नाही. त्याला मांस-अंडं लागतं.

तर आमच्या घरात आता हे चालतं. डाळ शिजली, की फोडणी घालायच्या आधी, मीठ-तिखट पडायच्या आधी एक पळी पिलाची बाजूला काढायची. त्यात भाकरी कुस्करायची. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं. कोंबडी केली तर मसाला लावायच्या आधी दोन तुकडे साध्या पाण्यात उकडायचे, हाड काढून द्यायचे. लाल भोपळा, गाजर, रताळं उकडून चालतं. बिया काढून कलिंगड चालतं. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. थोडं ताक किंवा दही बरं. पिलाला आणि गाभण कुत्रीला जास्त पोषण लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. ताटलीशेजारी पाणी मात्र कायम हवं.

यात खर्च काही वाढत नाही. डाळ तीच, भाकरी तीच. फक्त वाटा कधी काढायचा ते बदललं. आपल्याकडं श्राद्धाच्या दिवशी गाय, कुत्रा, कावळा यांचा घास माणसांच्या आधी काढतात. नामदेव महाराजांच्या मागं भाकरी नेणाऱ्या कुत्र्याची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. म्हणजे कुत्र्याचा वाटा ही आपल्याकडं मानाची गोष्ट होती. आपण ती खरकट्यावर आणली. वर्षातून एकदा जे करतो ते रोज करायचं, एवढंच.

आणि कुत्र्यानं काही भलतं खाल्लं असेल तर आमच्यासारखं थांबू नका. बरं दिसत असलं तरी थांबू नका. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं आणखी बिघडतं. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, कुत्र्याचं वजन अंदाजे किती, हे लक्षात ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. पहिल्या दोन-तीन तासांत डॉक्टर पोटातलं बाहेर काढू शकतात. तीन दिवसांनी काही करता येत नाही, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

शेवटी एक. घरातल्या मोठ्या माणसांना हे सांगा, पण त्यांना अपराध्यासारखं उभं करून सांगू नका. त्यांनी प्रेमानंच घातलेलं असतं. आणि माझ्यासारखं वर्षभर दडवूनही ठेवू नका. मी त्याच दिवशी सांगितलं असतं, तर त्या बाईला नव्या पिलापुढं दचकावं लागलं नसतं.

आता आत्या सकाळी चहाला बसतात. बेदाणे स्वतः खातात. पिलू पुढं येऊन बसलं की त्याला म्हणतात, "थांब, तुजी डाळ चुलीवर हाय." आणि मला आतून हाक मारतात, "फोडणी घालायच्या आधी काढ गं."

बरंय मैत्रिणींनो. संध्याकाळी स्वयंपाकाला लागाल तेव्हा तुम्हीही काढा. नमस्कार.