जखमेची लस आणि जखमेची पट्टी
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



‘आरोग्याविषयी काहीतरी बोला,’ असे कार्यवाह बाईंनी मला सांगितले. मी जन्मभर परिचारिकेचे काम केले, तेव्हा जखमेविषयीच बोलते. विषय किळसवाणा खरा. पण घोट्याजवळची चिघळलेली जखम साडीच्या काठाखाली झाकून महिनोन्‌महिने वावरणाऱ्या किती बायका मी पाहिल्या आहेत!

जखम झाली की तेथे पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मेलेला भाग साफ करण्यासाठी विकर सोडतात. हे विकर म्हणजे प्रथिने कातरणाऱ्या कात्र्याच. त्यांपैकी कोलॅजिन कातरणारा विकर १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना बेडकाच्या पिलाच्या शेपटीत सापडला. पिलाचा बेडूक होताना शेपूट विरते ना, ती याच्याच करणीने!

साध्या जखमेत सफाई झाली की या कात्र्या मिटतात. मधुमेही पायाच्या किंवा फुगलेल्या शिरांच्या जखमेत मात्र त्या चालूच राहतात. नवे कोलॅजिन विणले जाते न जाते तोच कातरले जाते. पेशींना वाढीचा निरोप देणारी द्रव्येही तुटतात. वाहणारी लस या विकरांनी भरलेली असते. भोवतालची धड कातडीसुद्धा ती खाते.

म्हणून लस टिपणारी पट्टी ही केवळ कपडे खराब होऊ नयेत एवढ्यासाठी नसते. अलीकडच्या काही पट्ट्यांत बाळाच्या डायपरमध्ये असते तीच पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड घालतात. ती लस पिऊन फुगते आणि दाबली तरी सहसा सोडत नाही, कापूस सोडतो. लशीबरोबर विकरही आत अडकतात. शिवाय कोलॅजिन कातरणाऱ्या विकरांना जस्त आणि कॅल्शियम लागते, तेही ही पूड ओढून घेते. प्रयोगशाळेत हे दिसले आहे. तेवढ्याने रोग्याची जखम किती लवकर भरते, हे मात्र तितके पक्के झालेले नाही. विकणारा काही का सांगेना!

मग जखम कोरडीठाक करावी काय? मुळीच नाही. जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच डुकरांवर प्रयोग करून दाखवले, की पातळ प्लास्टिकखाली ओलसर राहिलेली वरवरची जखम खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. ओल हवी, डबके नको.

आणि शिरांचे मूळ दुखणे काही टिपणाऱ्या पट्टीने जात नाही. त्याला पायावर दाब देणारे पट्टे बांधावे लागतात. मात्र ते बांधण्यापूर्वी पायात रक्त नीट पोचते ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. रक्त कमी पोचणारा पाय आवळला तर तो गमावण्याचीही भीती असते.