इंद्रायणीचा जमाखर्च

मंडळी, घराचा जमाखर्च आपण मांडतो. नदीचा कधी मांडला आहे का?

आपली मोशी इंद्रायणीकाठची. नदी पाणी देते, मासळी देते. हे डोळ्यांना दिसते. न दिसणारेही पुष्कळ आहे. काठची झाडे माती धरून ठेवतात. पाणी जमिनीत मुरते, म्हणून विहिरीला पाझर राहतो. मोकळ्या काठावर पूर पसरतो, म्हणून घरे वाचतात. आणि वारकऱ्यांचे स्नान? त्याला मोल नाही, तरी ते जमेलाच धरायचे.

२००५ साली जगभरच्या जाणकारांनी संयुक्त राष्ट्रांसाठी असाच हिशेब केला. सृष्टीची २४ देणी तपासली. त्यांतली १५ खालावलेली निघाली.

आता आपला खर्च पाहा. कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी नदीत येते. अलीकडे आळंदीला पाण्यावर वारंवार फेस आला. काठावर भराव पडला, की पुराचे पाणी दुसऱ्याच्या दारात जाते. हा खर्च कोणी लिहीत नाही. भरावा मात्र सगळ्यांनाच लागतो.

तुम्हांला आता लिहिता येते. एक वही घाला. कोणती विहीर कधी आटली, भराव कुठे पडला, ते तारीख घालून लिहा. बोललेले विरून जाते. लिहिलेले पुढे ठेवता येते.