हायड्रॉक्सीयुरिया : भीती कशाची आणि काळजी कशाची?
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यान)



आमच्या आरोग्य समितीकडे एक प्रश्न वारंवार येतो. “आईला हायड्रॉक्सीयुरिया दिलंय. हे तर किमोचं औषध! बंद करू का?” काही घरांत तर कोणालाच न विचारता ते बंदही होतं. म्हणून आज याच औषधाबद्दल बोलायचं आम्ही ठरवलं.

औषध जुनं आहे. १८६९ साली जर्मनीत ते पहिल्यांदा तयार झालं. नवी पेशी बनताना डीएनए लागतो, ते बनण्याचा वेग हे औषध कमी करतं. म्हणून ते किमो. पण ते सलाईनमधून नव्हे, घरीच कॅप्सूलच्या रूपात घ्यायचं असतं.

आपल्या ज्येष्ठांना ते बहुधा प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी फार वाढल्यामुळे दिलं जातं. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असाव्यात. अस्थिमज्जेच्या आजारात त्या भरमसाट वाढतात, गुठळी होऊन अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. डॉक्टर या आजारांना रक्ताच्या कर्करोगाच्या कुळात धरतात, हे लपवू नये. पण ते सहसा सावकाश चालतात आणि उपचार घेत माणसं वर्षानुवर्षं संसार करतात. औषध अचानक सोडलं, की गुठळीचा धोका परत येतो.

दुसरा उपयोग सिकलसेलमध्ये. आपल्या मध्य प्रदेशातल्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात हा आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम शहडोलहूनच सुरू झाली. गर्भात असताना बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, ते हे औषध पुन्हा वाढवतं. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत असह्य वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. गुण यायला मात्र काही महिने लागतात. तोवर धीर सोडू नये.

भीती नको म्हणजे निष्काळजीपणा चालेल असं नाही. या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सांगितलेल्या तारखेला रक्ततपासणी झालीच पाहिजे. ताप आला, तोंडात किंवा पायावर जखम झाली, तर लगेच डॉक्टरांना कळवावं. एखादा डोस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. कॅप्सूल फोडू नये. घरातल्या इतरांनी हाताळताना हातमोजे वापरावेत. मूल हवं असेल, तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

आमची विनंती एवढीच, की रक्ताच्या तपासण्यांचे कागद एका वहीत लावून ठेवा आणि औषध बंद करावंसं वाटलं, तर ती वही घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा.

गणपती बाप्पा मोरया!