कॉलेजची प्रयोगशाळा बघा



बडोद्याच्या गोत्री भागात ज्यांच्या घरी बारावी सायन्सचं मूल आहे,
त्यांच्याकडे सध्या एकच चर्चा…
कॉलेज कुठलं?

अशा वेळी आठवतात वेंकटरामन रामकृष्णन…
२००९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे.
त्यांना आयआयटीत प्रवेश मिळाला नव्हता!
ते शिकले आपल्या बडोद्यात.
१९७१ साली सयाजीराव विद्यापीठातून
त्यांनी भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं.
तिथला अभ्यासक्रम तेव्हा नुकताच नवा झाला होता.

आता, ते विद्यापीठ काही लहान नव्हे.
पण लहान कॉलेज दिसलं, की लगेच नाक मुरडू नका.
आधी प्रयोगशाळा बघा.

जायचं ते प्रॅक्टिकलच्या वेळी.
एका उपकरणाभोवती किती मुलं उभी आहेत?
टायट्रेशन मुलं स्वतः करतात,
की सर करतात आणि मुलं वहीत उतरवतात?

लहान वर्गात सर मुलांना नावानं ओळखतात.
हा मोठा फायदा.
पण विषय मोजकेच असू शकतात.
मुलाला-मुलीला हवा तो विषय
तिसऱ्या वर्षापर्यंत आहे ना,
हे प्रवेशाआधीच विचारा.

पुन्हा सांगते…
इमारत नंतर, प्रयोगशाळा आधी.

आणि हो, प्रश्न मुलांनाच विचारू द्या.
बाबांनी तेवढा वेळ गप्प बसावं!