परक्या मापाने मोजलेले मूत्रपिंड
(नारपोली, भिवंडी येथे यंत्रमाग कामगारांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नारपोलीतला कामगार रक्त तपासून येतो, तेव्हा त्याच्या कागदावर 'ईजीएफआर' नावाचा आकडा असतो. मूत्रपिंडे दर मिनिटाला किती गाळतात, याचा तो अंदाज. त्यापुढे बारीक अक्षरांत १.७३ चौरस मीटर असे छापलेले असते. हे माप कोणाचे? सुमारे शंभर वर्षांपूर्वी पंचविशीतल्या अमेरिकी माणसांच्या शरीराचे काढलेले ते सरासरी क्षेत्रफळ आहे. मागावर उभा राहणारा, पाच फूट तीन इंच उंचीचा, पन्नास किलो वजनाचा माणूस जेमतेम दीड चौरस मीटर भरतो. कागदावर ६० असले, तर त्या हिशेबाने प्रत्यक्षात ५२ मिलिलिटरच गाळले जात असते. औषधाची मात्रा ठरविताना हा फरक नगण्य नाही.

खरी मेख पुढेच आहे. ही गाळणी कोणी मोजीत नाही; रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ती ताडली जाते आणि क्रिएटिनिन तयार होते स्नायूंत. सूत्रात वय आणि लिंग घातले जाते, स्नायू मात्र गृहीत धरलेले असतात. ज्याच्या अंगावर मांस कमी आणि ताटात मासमटण क्वचित, त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते. मूत्रपिंड बिघडू लागले तरी आकडा निर्धास्त राहतो. तालमीतल्या पैलवानाच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. तेव्हा दोष वंशाचा नव्हे. अमेरिकेने २०२१ साली आपल्या सूत्रातून कृष्णवर्णीयांचा वेगळा गुणक काढून टाकला, हे योग्यच झाले. पण त्याने इथल्या कृश कामगाराचा प्रश्न सुटला नाही.

वजनउंचीवरूनही स्नायू कळत नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. कराचीत सामान्य नागरिकांची गाळणी प्रत्यक्ष मोजून २०१४ साली सुधारित सूत्र प्रसिद्ध झाले. त्यात जुन्या ९०चे सुमारे ८० होतात. अर्थात ८० म्हणजे आजार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिले किंवा लघवीतून प्रथिन जाऊ लागले, तर तो आजार.

कामगार चळवळीला हा वाद अपरिचित नाही. १९६३ साली मुंबईचे कामगार महागाई निर्देशांकाविरुद्ध रस्त्यावर आले, तेव्हाही मोजणीच चुकली होती, प्रा. लकडावाला समितीने ती चूक दाखवून दिली.

सिस्टॅटिन-सी ही तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नाही, पण महाग आहे. लघवीतील प्रथिनाची तपासणी स्वस्त आहे. ती वस्तीवस्तीत होऊ शकते. महात्मा फुले योजनेतून डायलिसिसचा खर्च करणाऱ्या शासनाने महाराष्ट्रातील श्रमिकांची गाळणीही एकदा प्रत्यक्ष मोजावी. त्यासाठी औषध टोचून काही तास पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागते. कापडाच्या मीटरवर मजुरी मिळणाऱ्या माणसाला त्या पाळीची मजुरी त्याच खर्चातून मिळाली पाहिजे.