बागेचे बारा महिने
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकातले मला फारसे सांगता यायचे नाही. पण लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून परसातली माती रोज हाताखालून जाते. सासूबाईंनी हातात खुरपे दिले, ते अजून सुटलेले नाही. तेव्हा वर्षाचे बारा महिने बाग करणाऱ्या बाईला कसे दिसतात, तेवढेच सांगते.

आधी एक हिशेब. आपले सण तिथीने येतात, पण पाऊस आणि ऊन सूर्याप्रमाणे चालतात. तिथीचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण मागे सरकतात, आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. याकरिता जुनी माणसे सण तिथीने करीत आणि पेरणी नक्षत्राने. मृग दरवर्षी ७ जूनच्या सुमारासच लागते. हे ध्यानात ठेवले की निम्मी बाग जमली.

चैत्र म्हणजे मोगरा आणि पाण्याची काळजी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओंजळभर कळ्या घरच्या निघाल्या की बरे वाटते. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. मंडई बंद, आमच्याकडची मिळकतही थांबली. त्या वेळी परसातला शेवगा, कढीलिंब, माठ आणि दोन अळूची आळी यांवर आमचे घर चालले, आणि भिंतीवरून शेजारच्या दोन घरांनाही भाजी गेली. तेव्हापासून बागेला मी हौस म्हणत नाही.

वैशाखात पेरायचे काही नाही, जगवायचे आहे. पाणी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर घालावे. आळ्यात वाळक्या पाल्याचा चार बोटे थर द्यावा, म्हणजे ओल टिकते. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी मोरीत सोडू नये. बियाणे याच उन्हात वाळवून, राख लावून डब्यात ठेवावे. हळद-आल्याचे कंद अक्षय्यतृतीयेच्या सुमारास मातीत जातात.

ज्येष्ठात मृगाचा पाऊस झाला की दोडका, कारले, पडवळ, घोसाळे, काकडी, भोपळा यांच्या बिया लावाव्या. एका आळ्यात तीन-चार बिया टाकाव्या आणि जोमदार असतील ती दोनच रोपे ठेवावी. मांडव आधी घालावा. वेल वाढल्यावर मांडव घालू गेले की कोवळे शेंडे मोडतात.

आषाढ हा फांद्या लावण्याचा महिना. जास्वंद, तगर, अनंत यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या या ओलीत मूळ धरतात. याच महिन्यात गोगलगायी येतात. रात्री एक ओले पोते वाफ्याशी टाकून ठेवावे. सकाळी त्याखाली सगळ्या जमलेल्या असतात, त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या. औषध लागत नाही.

श्रावणात मंगळागौरीला पत्री लागते. ती ओरबाडू नये, एका झाडाची दोन-चार पानेच घ्यावी. पुष्कळजणी म्हणतात, "वेलाला फुले येतात, पण फळ धरत नाही." झडीत मधमाश्या फिरत नाहीत, म्हणून तसे होते. ज्या फुलाखाली बारीकसे फळ दिसते ते मादीफूल. त्याला नरफुलाचा पराग हाताने लावावा. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुध्याचे संध्याकाळी, हे सांभाळावे.

भाद्रपदात गणपतीला दुर्वा, गौरीला तेरडा. मला यात सर्वांत मोठी वाटते ती ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने लावलेलेच खायचे. म्हणजे वर्षातून एक दिवस तरी बाईच्या परसाचा मान केलेला आहे. आता ती भाजी आपण मंडईतून वाटा करून आणतो. निदान अळू आणि भेंडी तरी घरची असावी.

आश्विनात घट बसतात. मातीत धान्य पेरतो, त्यात देवीची पूजा आहेच, पण बियाणे कसे उगवते तेही दिसते. दसऱ्याच्या झेंडूचे मात्र आधी मोजावे लागते. बी टाकल्यापासून फुलायला दोन-अडीच महिने जातात. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक! दोन्ही वर्षी एकाच तारखेला बी टाकले तर एका वर्षी तोरण विकतच आणावे लागेल. कॅलेंडर घ्यावे आणि दसऱ्यापासून पंचाहत्तर दिवस मागे मोजावे.

कार्तिकात तुळशीचे लग्न, आणि पालेभाजीचे दिवस. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरावी. धने चपलेखाली हलके रगडून दोन डाळी कराव्या, म्हणजे लवकर उगवतात. आठ दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे, नाहीतर सगळी कोथिंबीर एकदम येते.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी भरीत होऊन पानात येते. त्यासाठी रोपे भाद्रपदातच लावलेली असावी लागतात. शेवंतीही याच दिवसांत भरते.

पौषात संक्रांत. ही सूर्याची, म्हणून १४-१५ जानेवारी सोडत नाही. भोगीच्या भाजीला पावटा, घेवडा, वांगी परसातून निघतात. माझी एक सूचना आहे. वाणाला प्लॅस्टिकचे डबे देण्यापेक्षा घरच्या बियांची पुडी किंवा तुळशीचे रोप द्यावे. खर्च कमी, आणि वस्तू कपाटात पडून राहत नाही.

माघात मोगऱ्याचे पाणी पंधरा दिवस तोडावे, मग छाटून, खत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. चैत्रातल्या कळ्या या छाटणीवर येतात.

फाल्गुनात पाने गळतात आणि आपण ती पेटवून देतो. होळीला होळी करावी, पण अंगणातला पाला जाळू नये. खड्ड्यात पाला, शेण, माती असे थर द्यावे, ओल ठेवावी, महिन्याने एकदा वरखाली करावे. मृगापर्यंत खत तयार होते.

आता मुद्द्याचे बोलते. आपल्या सभागृहामागची मातीची पट्टी फरशी घालून बंद करावी असा ठराव येत्या सभेत आहे. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, म्हाताऱ्या बायका घसरतात, हे खरे आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण फरशी एकदा बसली की ती कोणी उखडत नाही. आपल्यापैकी निम्म्याजणी आता वरच्या मजल्यांवर राहतात, त्यांना मातीची ही एवढीच जागा उरली आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, दाराकडच्या अर्ध्या भागाला फरशी घालावी आणि भिंतीकडचा अर्धा भाग मोकळा ठेवावा. त्यात सहा वेल, एक शेवगा, एक अळूचे आळे आणि कोपऱ्यात पाल्याचा खड्डा सहज बसतो. बारा महिन्यांच्या बारा पाळ्या लावू. पहिली पाळी वैशाखाची, सर्वांत कठीण, ती माझी.

 सभेच्या दिवशी हात वर करण्याआधी एकदा त्या पट्टीकडे जाऊन यावे, इतकेच मागते आणि आपली रजा घेते.