उभं घड्याळ
(गोंदिया येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जुन्या लष्करी विमानांच्या घड्याळांवर गोंदियात कशाला बोलायचं, असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी बिरसी आठवावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी तिथं धावपट्टी बांधली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. आज त्याच बिरसीला मुलंमुली विमान चालवायला शिकतात. त्यांच्या डायमंड विमानांत गोल चकत्यांच्या जागी पडदे आले, तरी सेकंदांसकट वेळ दाखवणारं काहीतरी समोर लागतंच.

हिशेब शाळेतला आहे. ताशी १२० मैल वेगानं दहा मिनिटं उडालात की वीस मैल गेलात. खाली ढग असोत की जंगल, होकायंत्र, वेग आणि घड्याळ या तिघांच्या जोरावर नकाशावर खूण करता येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानानं निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा रेडिओ नव्हता. हाच हिशेब होता. घड्याळ एक मिनिट चुकलं की वैमानिक दोन मैल चुकला. म्हणून या घड्याळाला मी शोभेची वस्तू मानत नाही. ते मोजमापाचं उपकरण आहे आणि त्याची दुरुस्तीही तशीच व्हायला हवी.

ब्रिटिशांचं स्मिथ्स, अमेरिकनांचं वॉल्थम आणि एल्जिन, जर्मनांचं युंगहान्स ही संग्राहकांची लाडकी नावं. आपल्या देशातल्या माणसानं मात्र आधी मिग-२१ मधलं घड्याळ पाहावं. हे विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आलं, पुढं नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागलं आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निवृत्त झालं. त्यातलं एसीएचएस-१ हे घड्याळ रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या ‘मोल्निया’ कारखान्याचं. एका तबकडीत तीन घड्याळं: मोठ्या काट्यांवर चालू वेळ, वरच्या लहान चकतीत उड्डाणाचा वेळ, खालच्या चकतीत स्टॉपवॉच. डावी लाल कळ दाबली की उड्डाणाची मोजणी सुरू होते आणि वरची इवलीशी खिडकी लाल दिसते. थांबवली की अर्धी लाल, अर्धी पांढरी. शून्यावर आणली की पांढरी. हातमोजे घातलेल्या माणसाला एका नजरेत कळावं, एवढीच अपेक्षा. शिवाय आत विजेवर चालणारा हीटर आहे, कारण कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होतं. मे महिन्यातल्या गोंदियात त्याची गरज नाही. तो जोडायच्या फंदात पडू नका.

आता दुरुस्ती. आपल्याकडचे घड्याळजी हुशार आहेत, पण सवयीनं ते घड्याळ टेबलावर आडवं ठेवून वेळ लावतात. आडव्या घड्याळात झोके घेणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस एका टोकावर उभा राहून फिरतो, घर्षण थोडं. विमानात हे घड्याळ पॅनेलवर उभं असतं. उभं केलं की आस दोन्हीकडं कडेवर टेकतो, घर्षण वाढतं, झोका कमी होतो आणि चाकाचा तोल किंचित एका बाजूला असला तर तोही चाल बिघडवतो. दुकानात बरोबर आणि घरी भिंतीवर मागं, ही तक्रार बहुतेक इथूनच येते. तेव्हा वेळ लावायची ती उभ्या घड्याळाची. दुसरं, तेल. सुकलेलं तेल पूर्ण धुतल्याशिवाय वरून नवा थेंब सोडणं म्हणजे वाळूत पाणी ओतणं. शिलाई मशीनचं तेल तर मुळीच नको, ते पसरतं आणि बॅलन्स चाकाच्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटवतं.

काट्यांवरच्या पिवळट रंगाबद्दल जरा कठोर बोलतो. युद्धकाळातल्या घड्याळांत तो बहुधा रेडियमचा असतो. अंधारात चमकत नाही म्हणजे विषय संपला, हा गैरसमज. चमकतं ते झिंक सल्फाइड, ते काही वर्षांत निकामी होतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचं. १९२०च्या दशकात अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. त्यांच्यातल्या कित्येकींचे जबडे सडले, जीव गेले. रंग खरवडू नका, काच उघडी ठेवू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. गायगर काउंटर नसेल तर रेडियम आहेच असं धरून चाला.

तबकडी पुन्हा रंगवून घेणारे तर मला समजतच नाहीत. मनगटी घड्याळांच्या बाजारात अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. विमानाच्या घड्याळांतही ताजे लाल तारे, ताजे राजमुकुट दिसतात, आणि आत मोटारगाडीच्या डॅशबोर्डचं यंत्र निघतं. जुनं नाव, साठ्याचा क्रमांक, स्क्रूवरचे पेचकसाचे ओरखडे, यांतूनच ते कुठं राबलं हे कळतं. ते पुसल्यावर उरतो फक्त नवा रंग. घेताना विक्रेत्याकडून पावती मागा. लष्करी भंगार लिलावातून अधिकृतपणे बाहेर पडतं. माल कुठून आला हे सांगायला जो कां कूं करतो, त्याच्याकडून न घेतलेलं बरं.

व्याख्यानानंतर टेबलापाशी या. मिगचं घड्याळ हातात घ्या, लाल कळ दाबून बघा, डावी फिरकी फिरवून चावी द्या. शेजारचं ब्रिटिश घड्याळ मात्र पेटीत बंद राहील, आणि त्याची काच काढून दाखवा असा आग्रह कुणी धरू नये.